जाणे आणि नेले जाणे

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी आपल्या सर्व देवळांतून मिशन रविवार पाळला जातो. १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी या दिवसाला मान्यता दिली. त्या दिवशीच्या प्रवचनात दूरदूरच्या देशांची नावे येतात. आफ्रिकेतील एखादे खेडे, गवताने शाकारलेली शाळा, कित्येक मैल अनवाणी चालत येणारी मुले आणि हिवतापाने खंगलेला, पण हसतमुख मिशनरी शिक्षक हे चित्र आपण बालपणापासून मनात जपले आहे. ते चित्र खोटे नाही. तथापि ते पाहताना आपण नकळत एक सोय करून घेतो. तो शिक्षक आणि त्याचे प्रश्न आपण समुद्रापलीकडे ठेवतो, पेटीत यथाशक्ती दान टाकतो आणि घरी परततो.

नेमक्या त्याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या मागेपुढे, नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार, लोहा आणि लातूर जिल्ह्यातील जळकोट, अहमदपूर, रेणापूर या तालुक्यांतील वाड्यातांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होणार असतो. पावसाळ्यातच मुकादमाकडून घेतलेली उचल आता अंगमेहनतीने फेडायची असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब माणसांचा नसून कोयत्यांचा. ट्रकमध्ये ज्वारीची पोती चढतात, भांडीकुंडी चढतात, एखादी शेळी चढते आणि सर्वांत शेवटी मुले चढतात. काल वर्गात पाढे म्हणणारी मुले. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत त्यांचे पुढचे पाच-सहा महिने जाणार असतात. आई मोळ्या बांधत असताना धाकट्याला सांभाळायचे, वाढे गोळा करायचे, पाणी आणायचे.

गावातील शाळेचा शिक्षक तो ट्रक जाताना पाहतो. मिशनचा शिक्षक असेल तर त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि त्या प्रश्नाविषयीच प्रस्तुत लेखात थोडा विचार करावयाचा आहे. जे मूल आपल्यापाशी टिकणारच नाही, त्याचे आपण काय देणे लागतो?

मराठवाड्यातील कॅथलिक मिशनकार्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रारंभ झाला. नागपूरकडून आलेल्या फ्रान्सालियन धर्मगुरूंनी घोगरगाव, वैजापूर या भागात पाय रोवले. फादर गुरियन जाकिए यांचे नाव तिकडची वृद्ध माणसे अजून आदराने घेतात. त्या वेळी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि खेड्यातल्या मराठी मुलाला शाळेची पायरी दुर्मीळ होती. स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांचे नाव आज नांदेडच्या विद्यापीठाला आहे, तेही या भूमीत आधी शिक्षक म्हणूनच आले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबेजोगाईत त्यांनी अध्यापन केले. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यानंतरचे. संन्यासी आणि शिक्षक या दोन भूमिका एका माणसात नांदू शकतात, हे या प्रदेशाला नवे नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला आणि नांदेड-लातूरची विखुरलेली ख्रिस्ती कुटुंबे त्यात आली. फादर आणि सिस्टर यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याहून अधिक, या कार्याचे ओझे वाहिले ते प्रापंचिक मास्तरांनी. सकाळी शाळा, सायंकाळी प्रार्थना, मध्ये कुणाचा अर्ज लिहून देणे, कुणाला दवाखान्यात नेणे. त्यांची छायाचित्रे स्मरणिकांत फारशी सापडत नाहीत.

अशा मास्तरांचा दिवस पाण्याने सुरू होतो. बोर्डिंगमध्ये मुले असली की आधी हापसा चालतो की नाही ते पाहायचे. माघ-फाल्गुनात हापशाचा दांडा हलका लागू लागला की समजायचे, आता टँकरची वाट पाहणे आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली, हे वाचकांना आठवत असेल. (ज्या जिल्ह्याला पिण्याचे पाणी रेल्वेने पोचवावे लागले, त्याच जिल्ह्यात उसाचे मळे आणि साखर कारखानेही आहेत, यावर स्वतंत्र लेख व्हावा.) पाण्यानंतर भाकरी, भाकरीनंतर प्रार्थना आणि प्रार्थनेनंतर फळा. पावसाळ्यात विंचवांची भीती असते, म्हणून रात्री निजण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे अंथरूण झाडून घ्यायचे. ही कामे कोणत्याही अध्यापन पदविकेत शिकविली जात नाहीत.

त्याहून अवघड गोष्ट भाषेची. आपण समजतो की नांदेड-लातूर म्हणजे मराठी मुलूख. परंतु तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. देगलूर-बिलोलीकडे चुलीपाशी तेलुगू ऐकू येते, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कानडी, किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी. सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी वर्गात गप्प बसते ते मंदबुद्धी म्हणून नव्हे. त्याला गुरुजींचे शब्दच कळत नाहीत. पाठ्यपुस्तकातील मराठी तर त्याला तिसरीच भाषा वाटते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रसिद्ध झाले. मधली सदतीस वर्षे त्या इंग्रज माणसाने इथल्या लोकांच्या तोंडची भाषा आपलीशी केली. शिकविण्याआधी शिकावे लागते, ही गोष्ट मिशनच्या इतिहासात इतकी जुनी आहे. तांड्यावरच्या मुलाकडून त्याचे दहा शब्द शिकून घेणारा शिक्षक त्या मुलाला पहिल्यांदाच हे कळवितो की, तुझ्यापाशीही देण्यासारखे काही आहे.

एवढे सगळे करून, जून ते सप्टेंबर कष्टून मुलाला अक्षरे जुळवता येऊ लागतात आणि ऑक्टोबरात ट्रक येतो.

आता वर्गात काय घडते ते पाहा. समजा, चाळीस मुलांपैकी अठरा गेली. उरलेल्या बाविसांना घेऊन शिक्षक पुढे चालला, तर एप्रिलमध्ये परतलेली अठरा मुले कायमची मागे पडतात. त्यांच्यासाठी तो थांबला, तर ज्या बावीस मुलांच्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन गावातच राहण्याचे ठरविले, त्यांच्यावर अन्याय होतो. न्याय म्हणजे प्रत्येकाला त्याचे देणे देणे, अशी व्याख्या आम्ही सेमिनरीत संत थॉमस अॅक्वायनस यांच्या ग्रंथांतून शिकलो. व्याख्या निर्दोष आहे. परंतु घड्याळी तास तेवढेच असताना अठरांचे देणे आणि बाविसांचे देणे एकमेकांस छेद देऊ लागले, म्हणजे व्याख्या तोंड मिटून बसते.

येथे आपल्याला हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आठवेल. आठवावाही. तथापि धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे चौकस मूल हमखास विचारते की, मेंढपाळ त्या एकाच्या शोधात गेला असताना नव्व्याण्णवांचे काय झाले? लूक म्हणतो, ती रानात होती. मत्तय म्हणतो, डोंगरावर. दोन्ही जागा सुरक्षित नव्हेत. प्रभूने हा धोका लपविलेला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एकाच्या मागे जाण्याची किंमत नव्व्याण्णवांनाही द्यावी लागते, हे ठाऊक असूनच तो दृष्टान्त सांगितला आहे.

लातूरच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. १९९० च्या दशकात लातूरच्या महाविद्यालयांनी गुणवत्ता यादीत जे यश मिळविले, त्यातून ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला. परिश्रम, सराव, पुन्हा सराव. त्या यशाबद्दल मला असूया नाही. दुष्काळी प्रदेशातील सामान्य घरांतली मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या पद्धतीचा पायाच असा आहे की, विद्यार्थी रोज हजर असावा. जो सहा महिने नसतोच, त्याच्यासाठी कोणताही पॅटर्न नाही. एकाच जिल्ह्यात, चाळीस-पन्नास किलोमीटरच्या अंतरात, एक मूल पहाटे शिकवणीला जाते आणि एक मूल पहाटे कोपीतून उठून आईमागे फडात जाते.

इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगराळ बार्बियाना गावी १९५४ साली डॉन लोरेन्झो मिलानी नावाचा धर्मगुरू नेमला गेला. सरकारी शाळांनी नापास ठरविलेली शेतकऱ्यांची मुले त्याने गोळा केली आणि अठराच्या व बाविसाच्या या कोड्याला आपले उत्तर दिले. सर्वांत मागे असलेल्याला कळल्याशिवाय वर्ग पुढे जाणार नाही. शाळा दिवसभर आणि वर्षभर, सुट्टी नाही. त्याच्या मुलांनी मिळून लिहिलेले, एका शिक्षिकेला उद्देशून असलेले पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने आले आणि त्याच वर्षी मिलानी वारला. उत्तर थोर आहे. मात्र हे विसरू नये की त्याची मुले मूठभर होती, ती डोंगर सोडून कुठे जात नव्हती आणि त्याला स्वतःला बायकापोरे नव्हती. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुढे येणार आहे.

त्याच वर्षी, १९६७ मध्ये, आफ्रिकेतून दुसरे उत्तर आले. टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे स्वतः सरकारी शाळेत शिकलेले, पुढे तबोरा आणि पुगू येथील कॅथलिक शाळांत शिक्षक झालेले. देशाचे अध्यक्ष झाल्यावरही लोक त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, असेच म्हणत. २००५ साली त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेलाही प्रारंभ झाला. स्वावलंबनासाठी शिक्षण या विषयावरच्या आपल्या निबंधात त्यांनी मिशनच्या व सरकारच्या शाळांना एक कडू प्रश्न विचारला. तुमची शाळा मूठभरांना परीक्षेच्या शिडीवरून शहरात पाठविते आणि बाकीच्या सर्वांना आपण नापास आहोत ही भावना देऊन खेड्यात सोडते. मग ती खेड्याची शाळा कशी? त्यांचे म्हणणे असे की, शिक्षण खेड्यातील जीवनासाठीच हवे, कारण बहुसंख्य मुले तेथेच राहणार आहेत.

हा विचार मला पुष्कळ वर्षे पटत आला आहे. परंतु मराठवाड्याच्या खेड्यात तो जसाच्या तसा बोलून दाखविता येत नाही. आमची बहुसंख्य कुटुंबे ज्या समाजांतून आली, त्या महार-मांग समाजांसाठी खेडे हे कधीच सुखाचे घरटे नव्हते. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्याच्या गुणगानावर किती कठोर टीका केली, हे सर्वश्रुत आहे. आणि १९५० साली त्यांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची उभारणी सुरू केली, तीही खेड्याच्या वेशीबाहेरचा रस्ता खुला व्हावा म्हणूनच. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून याच खेड्यांत दलितांची घरे जळाली. तेथील मुलाला ‘बाळा, खेड्यातच राहा, मातीशी इमान राख’ असा उपदेश करण्याचा अधिकार शिक्षकाला कुणी दिला? न्येरेरे यांच्या खेड्यात जमीन सामाईक असावी अशी कल्पना होती. मुखेडच्या ऊसतोड कामगाराकडे मुळात जमीनच नसते, किंवा असते ती कोरडवाहू माळाची दीड-दोन एकर पट्टी.

मग शिक्षकाने कोणासाठी शिकवावे, राहणाऱ्यासाठी की जाणाऱ्यासाठी? माझ्या मते प्रश्न या रूपात मांडला, तर तो सुटणार नाही. भेद राहणे आणि जाणे यांत नाही. तो जाणे आणि नेले जाणे यांत आहे. लातूरला अकरावीसाठी जाणारी मुलगी जाते. उचलीच्या हिशेबाने ट्रकमध्ये चढणारी मुलगी नेली जाते. दोघींनीही गाव सोडले; पण पहिलीने आपल्या पायांनी आणि दुसरीने मुकादमाच्या वहीतल्या आकड्याने. गावात राहण्याचेही तसेच आहे. कुणी राहतो, कुणी अडकून पडतो. अॅक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. रोग बरा करते ती शरीराची स्वतःची शक्ती. वैद्य बाहेरून तिला साहाय्य करतो. तसेच ज्ञान मुलाच्या बुद्धीतच उगवते; शिक्षक बाहेरून त्याला साहाय्य करतो. हे खरे असेल तर शिक्षक ज्याला शिकविणे म्हणतो, ते मुलाबरोबर ट्रकमध्येही चढते. ज्या मुलाला वजनकाट्याची पावती वाचता येते, ज्याला टन आणि दर यांचा गुणाकार येतो, ते आईबापाला सांगू शकते की, मुकादमाने वहीत मांडलेली बाकी चुकीची आहे. सहा महिन्यांची शाळा म्हणून एवढेही पुष्कळ आहे. यावरून कुणी असे समजू नये की फड हीच खरी शाळा. मी तसे म्हणत नाही. दहा वर्षांच्या पोराने थंडीत पाचटावर झोपणे यात शैक्षणिक असे काही नाही आणि त्याला गोंडस नाव देणे हे पाप आहे.

उपाय नाहीत असेही नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. आईबाप गेले तरी मुले गावी आजीआजोबांपाशी राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. परंतु वसतिगृह ट्रकच्या आधी सुरू झाले तरच त्याचा उपयोग. ट्रक निघताना आई विचारते, “फादर, पोरगं इथं ठिवलं तर आमच्या माघारी त्याला भाकर कोन टाकल?” त्या क्षणी जो ‘मी’ म्हणू शकतो, त्याच्याकडेच ती मूल सोपविते. मुलीच्या बाबतीत तर ती भाकरीबरोबर आणखी एक भीती मनात बाळगून असते आणि ती बोलून दाखवीत नाही. मिशनच्या बोर्डिंगचे बळ एवढेच, की तेथे कुणीतरी रात्रीही असते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. भाकरी आणि पाटी हे आमिष आहे, असे म्हटले जाते. अंगावर धावून जाण्याऐवजी या आक्षेपाने आपली छाती तपासून घ्यावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात धर्मप्रसारातील दडपण आणि अनुचित प्रलोभन निषिद्ध ठरविले. गरीब आणि अशिक्षितांच्या बाबतीत तर विशेषच. आपल्या संविधानाचा तिसावा अनुच्छेद अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा अधिकार देतो आणि अठ्ठाविसावा अनुच्छेद अनुदानित शाळेत संमतीवाचून धर्मशिक्षण लादण्यास मनाई करतो. दोन्ही अनुच्छेद मला सारखेच प्रिय आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत बसणाऱ्याला त्याची जात वा धर्म विचारला जात नाही, हे तेथील प्रत्येक शाळकरी मूल जाणते. मिशनच्या शाळेला आपली कसोटी शोधायला रोमला जाण्याची गरज नाही. ती गोदावरीच्या काठी आहे. जे मूल उपकाराच्या ओझ्याने देवळात येते, तेही एका अर्थाने नेले गेलेलेच असते.

आणि आता शिक्षकाविषयी. हा मुद्दा आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच मांडला जातो. मुलांच्या जाण्या-राहण्याला जो न्याय आपण लावला, तोच मास्तरांच्या राहण्याला लावायला नको का? आपण त्यांच्या ‘त्यागा’ची स्तुती करतो. त्याग हा शब्द पगार देणाऱ्याच्या तोंडी फार गोड लागतो. विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, बोर्डिंगचा देखरेख करणारा, धर्मशिक्षक यांच्या हाती महिनाअखेरीस काय पडते, हे प्रत्येक धर्मग्रामाच्या हिशेबनिसाला ठाऊक असते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या विश्वपत्रात मजुरी ही कामगाराला जगविण्याइतकी असलीच पाहिजे असे बजावले. ते पत्र आम्ही कारखानदारांना वाचून दाखवितो. मुकादमाच्या उचलीवर टीका करणाऱ्या संस्थेने आपल्याच मास्तरांना ‘देवाचे काम आहे’ या एका वाक्याने बांधून ठेवले, तर तीही एक प्रकारची उचलच होय.

त्यांची मुलेही मोठी होतात. मिलानीला हा प्रश्न पडला नव्हता; मलाही पडत नाही. माझ्या राहण्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या मुलीने मोजलेली नाही. बदलीचे पत्र आले की मी पेटी उचलतो. मास्तरांचे तसे नसते. आमच्या भागातील एका मास्तरांची मुलगी दहावीत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि पत्नीने लातूरला खोली घेण्याचा विषय काढला. मास्तरांना ते गावाशी द्रोह केल्यासारखे वाटले. त्यांनी मला विचारले, “फादर, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी राहायचं, का आपल्या लेकरासाठी जायचं?” मी त्यांना नव्व्याण्णव मेंढरांचा दृष्टान्त सांगितला नाही. मुलगीही त्यांच्याकडे सोपविलेलीच आहे आणि ती त्यांच्याकडे आधी सोपविली गेली, एवढेच म्हणालो. पुढचे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ठरविले. मुलगी व तिची आई लातूरला राहू लागल्या. धर्मग्रामाच्या समितीत कुरकुर झाली, खोलीच्या भाड्याचा काही भाग संस्थेने उचलावा का यावर दोन बैठका झाल्या आणि अखेर तो उचलण्याचे ठरले. मास्तर शनिवारी दुपारी लातूरला जातात आणि सोमवारी पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने परत येतात. एप्रिलमध्ये ट्रक परततात, तेव्हा अठरा मुलांची नावे पटावर तशीच असतात. मे महिन्यात सकाळी दोन तास, ऊन तापण्यापूर्वी, लिंबाखाली त्यांचा वर्ग भरतो. यंदा त्यांतील सहा मुलांना भागाकार येत नव्हता. मास्तरांनी तो कारखान्याच्या जुन्या वजनपावत्यांवर शिकवायला घेतला आहे.